माझा आवाज नसलेला रिमिक्स

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्या खोलीतल्या डक्टवाल्याने केलेला रिमिक्स मला पहिल्यांदा ऐकला तेव्हाच आवडला होता. हे मी पंधरा दिवस त्याला सांगितलं नाही. उलट त्याच्या तोंडावर भाषण ठोकलं. भाषणात कष्टकरी होते, बाजार होता, शोषण होतं. खरं कारण तेवढं नव्हतं. खरं कारण असं की मी जळत होतो.

इचलकरंजीत असताना मी पत्रकं लिहायचो. यंत्रमाग कामगारांची, बसच्या भाडेवाढीची, हॉस्टेलच्या मेसची, जो प्रश्न समोर येईल त्याची. मला शिकवणारे एक म्हातारे कार्यकर्ते होते. त्यांचा नियम होता: पहिल्या ओळीत मागणी, दुसऱ्या ओळीत कारण, तिसऱ्या ओळीत जागा आणि वेळ, आणि विशेषणं घरी ठेवून यायची. टपरीवर उभ्या माणसाने चहाच्या एका घोटात वाचलं तर ते पत्रक; नाहीतर त्यात भजी बांधली जाणार, हे लिहून ठेव, असं ते म्हणायचे.

इथे दुबईत पत्रकं निघत नाहीत. इथे मी सेफ्टी असिस्टंट आहे. कॅम्प, म्हणजे कामगारांच्या खोल्या, अल क्वोजला, साइट दुबई मरीनाला. आमची गॅंग तिथल्या टॉवरांमध्ये एसीची हवा नेणारे पत्र्याचे डक्ट बसवते. सकाळी काम सुरू होण्याआधी सगळ्यांना गोल उभं करून दहा मिनिटं सुरक्षेबद्दल बोलायचं असतं, त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. ते माझं काम. कंपनीचा कागद इंग्रजीत, बोलायचं हिंदीत, आणि गॅंगमधले निम्म्याहून जास्त रत्नागिरीचे म्हणून शेवटची ओळ मी मराठीत टाकतो. ती मीच तयार केली: "पाणी प्या, सावली धरा, मगच कामाला हात लावा." यात एकही विशेषण नाही. मला तिचा अभिमान होता. लोक ती ऐकताना बुटाची लेस बांधत, जांभया देत, फोनवर घरच्यांना गुड मॉर्निंग पाठवत.

उन्हाळ्यात मी उष्माघातावर एक कागदही काढला. मॅनेजरची सही घेऊन, रीतसर. अकरा मुद्दे होते. एक प्रत मेसच्या भिंतीवर चिकटवली, बाकीच्या टेबलावर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्यावर कांदा चिरलेला होता. मुद्दा क्रमांक सातवर कुणीतरी लिंबू पिळलं होतं. मी चिडून बोलायला लागलो तर एकजण म्हणाला, "भाऊ, कागद जाड आहे म्हणून वापरला. चांगला आहे तुझा कागद." माझ्या लिखाणाला इथे मिळालेली ही एकुलती एक दाद.

आता डक्टवाल्याकडे येतो. तो गुहागरचा, वयाने माझ्याएवढा, खालच्या बंकवर झोपणारा. त्याच्याकडे साठ दिरहमचा हेडफोन आहे, म्हणजे चौदाशे-पंधराशे रुपयांचा, आणि तो त्याला लहान लेकरासारखा कापडात गुंडाळून ठेवतो. फोनवर एक अ‍ॅप. अ‍ॅपमध्ये एका चांदीच्या रंगाच्या डबीचं चित्र, त्यावर बारक्या बारक्या कळा. कामावरून आला की आंघोळ, जेवण, आणि मग तो बोटाच्या टोकाने त्या कळा केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत बसतो.

"काय करतोस रे हे?" मी एकदा विचारलं.

"अ‍ॅसिड हाउस."

"अ‍ॅसिड म्हटलं की मला रबरी हातमोजे आठवतात."

"तू झोपतोस पण हेल्मेट घालून, घाट्या."

कोकणातली ही मंडळी मला घाट्या म्हणतात, कारण मी घाटावरचा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढे आहे.

त्याने सांगितलं ते असं. ही डबी पूर्वी खरी होती. बास गिटार वाजवणारा माणूस न ठेवता त्याचं काम यंत्राकडून करून घ्यावं म्हणून एका कंपनीने ती काढली. पण तिचा आवाज गिटारसारखा काही निघेना. कुणी घेतली नाही, जुन्या सामानाच्या दुकानात धूळ खात पडली. मग शिकागोच्या काही काळ्या पोरांनी ती स्वस्तात उचलली, तिच्या कळा नको तशा पिळल्या, आणि तिच्यातून जो किंकाळणारा, चिखलट आवाज निघाला त्यावर रात्ररात्र नाच झाले. तेच अ‍ॅसिड हाउस. म्हणजे माणसाची नोकरी खाण्यासाठी काढलेलं यंत्र! मी लगेच निषेधाच्या तयारीत. तर हा म्हणतो, "पण खाल्ली नाय ना कुणाची नोकरी. त्याला ते काम जमलंच नाय. म्हणून तर भंगारात गेला."

शेवटचा शब्द दुसऱ्याचा राहणं मला सहन होत नाही.

रिमिक्स त्याने मला पहिल्यांदा ऐकवला तो पहाटे पाचच्या बसमध्ये. एक कान त्याच्याकडे, एक माझ्याकडे. बाहेर सगळ्या कॅम्पांच्या पांढऱ्या बसेस रांगेने मोठ्या रस्त्याला लागत होत्या. "कोणाला ऐकवलं नाय अजून," तो म्हणाला. "तू पयला."

मूळ गाणं आमच्या बुवांचं. बुवा म्हणजे आमच्याच गॅंगमधले वेल्डर, संगमेश्वरकडचे, सगळ्यांत वयस्कर. गावाकडे ते जाखडीचे बुवा होते. जाखडी हा कोकणातला गोल नाच: मध्ये बुवा आणि ढोलकी, भोवती पायात चाळ बांधून नाचणारे, आणि झील धरणारे, म्हणजे बुवाची ओळ उचलून पुढे नेणारे. त्यात शक्तीवाले आणि तुरेवाले अशा दोन पार्ट्या असतात. एकाने गाण्यात सवाल टाकायचा, टोमणा हाणायचा, दुसऱ्याने तालातच उत्तर द्यायचं. हे मला इथे येऊन कळलं. कळलं म्हणजे अर्धंच कळलं, ते पुढे येईल. तरुणपणी बुवांच्या पार्टीने एक कॅसेट काढली होती. तिची कुणीतरी फोनवर घेतलेली प्रत डक्टवाल्याकडे होती.

रिमिक्स सुरू झाला तेव्हा नुसता ठोका होता. एकसारखा, न चढणारा, न दमणारा. मग टाळ्या, माणसांच्या नव्हेत, यंत्राच्या, ओला बनियन दगडावर आपटावा तशा. मग खालून त्या डबीची बास आली. चिखलात रुतलेला पाय ओढून काढताना जो आवाज येतो तो घ्या, आणि तो पाय दर खेपेला बोटभर जास्त वर येतोय असं समजा. आवाज मुद्दाम दाबून ठेवलेला, झाकण लावलेल्या पातेल्यासारखा. आणि तो एक कळ इतकी हळू फिरवत जातो की झाकण कधी निघालं ते कळत नाही, फक्त आपल्या मानेवर काटा आलेला असतो. मग ढोलकी. खरी ढोलकी, कॅसेटच्या खरखरीसकट. आणि मग बुवा, तिशीतले, खणखणीत.

एका जागी कॅसेटची फीत ताणली गेली होती. तिथे बुवांचा आवाज क्षणभर खाली घसरतो, जिन्याची पायरी चुकावी तसा. दुसरा कुणी असता तर त्याने तो भाग कापून टाकला असता. याने तो ठेवला होता. नुसता ठेवला नव्हता, बासलासुद्धा तिथे तेवढंच घसरायला लावलं होतं. यंत्र बुवांबरोबर अडखळत होतं. हा माणूस माझ्या खाली झोपतो, माझ्या साबणाने कपडे धुतो, आणि याला हे येतं!

तिसऱ्या मिनिटाला सगळं थांबलं. उरल्या नुसत्या टाळ्या. आणि त्यावर एक आवाज आला: "पाणी प्या, सावली धरा, मगच कामाला हात लावा." तो माझा होता. याने कधीतरी टूलबॉक्स टॉक फोनवर घेतलं होतं. चार वेळा तीच ओळ, आणि चौथ्या वेळेला 'लावा'वर बास परत कोसळली.

पुढच्या सीटवरच्या पठाण हेल्परने मागे वळून विचारलं, "क्या हुआ भाई, तबियत ठीक है?" माझं तोंड तसं झालं असणार.

"बुवांना विचारलंय," डक्टवाला सांगत होता. "ते म्हणाले, माझा तो आवाज गेला आता, तू तरी वापर. पण तुझा आवाज तुझा हाय, म्हणून तुला विचारतो. दोन आठवड्यांनी रविवारी उम्म अल कुवैनला बुवांच्या गाववाल्यांचा कार्यक्रम हाय. बुवा आता व्हिसा खलास करून कायमचे चाललेत. तिथं लावायचाय. वापरू ना?"

माझा आवाज माझ्याकडे कित्येक महिने होता. त्यावर लोक जांभया देत होते. याने तोच आवाज घेतला, टाळ्यांवर ठेवला, आणि बसमध्ये माझ्याच पायाने ठेका धरला होता. मी पाय आवरला.

"नाही," मी म्हणालो.

"का रे?"

मग मी भाषण केलं. कष्टकऱ्याच्या जिवाची सूचना आहे ती, नाचायचा माल नाही. उद्या कुणी उष्माघाताने पडला तर त्यावर पण टाळ्या लावशील. ज्यांनी माणसाला काढून यंत्र आणलं त्यांचंच खेळणं तू हातात घेतलंस. बरंच बोललो. विशेषणं वापरली.

तो ऐकत राहिला. मग हेडफोनची वायर गुंडाळत म्हणाला, "बरा. काढतो मग."

एवढंच म्हणाला. भांडला असता तर मी जिंकलो असतो.

पुढचे पंधरा दिवस मी काय केलं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. फाइल त्याने आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. मी ती कपडे धुवायच्या खोलीत मशीनच्या आवाजाआड ऐकायचो. मशीन फिरतं तोवर चार वेळा ऐकून व्हायची. चुका शोधायला बसलो होतो. सापडल्या नाहीत. उलट दर वेळी काहीतरी नवीन सापडायचं. दुसऱ्या कडव्यानंतर झांज एकदाच वाजते, फक्त एकदाच, आणि नंतर पूर्ण गाणंभर आपण तिची वाट बघतो. माणसाला काय द्यायचं नाही हे याला कळतं. मला तेच तर शिकवलं होतं, आणि मी अकरा मुद्दे लिहिले!

टूलबॉक्स टॉकमध्ये मी माझ्याच आवाजाची नक्कल करायला लागलो. गाण्यात तो कसा दमदार वाटतो, थोडा खालच्या पट्टीत, म्हणून मीही पट्टी उतरवली. बुवा हेल्मेट काखेत धरून उभे होते. म्हणाले, "घसा बसला काय रे? गुळण्या कर मिठाच्या."

खोलीत आमचं बोलणं सरळ चालू होतं. तो माझ्यासाठी चहा ठेवायचा, मी प्यायचो. गाण्याचा विषय निघत नव्हता. त्याने पुन्हा विचारावं असं मला वाटायचं, म्हणजे मला पुन्हा नाही म्हणता आलं असतं. तो पुन्हा विचारत नव्हता.

रविवारी आम्ही दोन व्हॅन करून उम्म अल कुवैनला गेलो. तिथल्या इंडस्ट्रियल एरियात बुवांच्या गावची वीसेक माणसं राहतात. खाडीच्या कडेला, खारफुटीच्या अलीकडे वाळूत त्यांनी चटया टाकल्या होत्या. हवा निवली होती, दुपार असून बसवत होतं. कोळंबीचं कालवण, भात, सोलकढी. एक फॅमिलीवाले, म्हणजे बायकोमुलांसह राहणारे, साहेब शारजाहून आले होते. त्यांची मुलगी प्रत्येक गोष्टीला "इट्स सो स्पायसी, पपा" म्हणत होती आणि प्रत्येक गोष्ट दोनदा घेत होती.

जेवणं झाल्यावर बुवांच्या भोवती गोल झाला. पाच-सहा जणांनी पायात चाळ बांधले. डक्टवाल्याने स्पीकर लावला. मी मागे, व्हॅनच्या सावलीत उभा. सावली धरा म्हणणारा मीच ना.

ठोका सुरू झाला तसे लोक आधी हसले. "ह्या काय लावलंस, लगीन हाय काय?" मग बास आली, आणि तिची कळ उघडत गेली तसं हसणं थांबलं. मग ढोलकी आणि बुवांचा तिशीतला आवाज. बुवा स्वतः खाली वाळूकडे बघत होते. फीत घसरते त्या जागी त्यांनी डोळे मिटले. चाळ ठेक्यात पडायला लागले. यंत्राचा ठोका आणि दहा-बारा पायांचे चाळ, असं मी कधी ऐकलं नव्हतं. कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही.

तिसरं मिनिट आलं. सगळं थांबलं, टाळ्या उरल्या. माझी ओळ तिथे नव्हती. त्याने ती काढली होती, पण जागा तशीच ठेवली होती. रिकाम्या टाळ्या, चार ओळी मावतील एवढ्या. माझ्या डोक्यात सणक गेली. बुजवता आली असती ती जागा! मुद्दाम ठेवलीय. सगळ्यांना दिसावं की इथे कुणीतरी नाही म्हणालं. मी व्हॅनपासून पुढे आलो, त्याला तिथेच सगळ्यांसमोर विचारायला.

तेवढ्यात बुवांनी मान वर केली. माझ्याकडे बघून हात कानावर नेला आणि त्या रिकाम्या टाळ्यांवर ओळ टाकली:

"रोज सकाळी सांगतो आम्हां, प्या रं प्या रं पाणी,
आज त्याच्याच तोंडात, गड्यांनो, कुणी भरली गुळणी?"

झीलवाल्यांनी ती उचलली. "कुणी भरली गुळणी, रं, कुणी भरली गुळणी?" गोल फिरत फिरत सगळे माझ्याकडे बघत होते. बास परत आली तरी ते थांबेनात. डक्टवाल्याने स्पीकरपाशी वाकून तो भाग मागे घेतला. पुन्हा नुसत्या टाळ्या. आता सगळे गप्प. बुवांनी माझ्याकडे हात केला.

मला वाटलं अपमान चाललाय. बाजूला चाळ सोडत बसलेला एकजण हळूच म्हणाला, "उत्तर दे, घाट्या. बुवांनी तुला समोरची पार्टी केलाय. ते कुणालाही नाय करत."

तेव्हा कळलं. ती जागा माझ्या नावाने मारलेली फुली नव्हती. जाखडीत सवाल टाकून झाल्यावर समोरच्यासाठी जी जागा सोडतात, ती होती. आणि मी पंधरा दिवस भांडत होतो ते एका बसायला दिलेल्या पाटाशी.

पण उत्तर द्यायचं तालात, यमकात. मला पत्रक येतं, मला गाणं येत नाही. टाळ्या चालल्या होत्या. मला शिकवलेलं एवढंच आठवलं: पहिल्या ओळीत मुद्दा. मी ओरडलो, "गाणं चांगलं आहे!"

दोन टाळ्यांच्या बरोबर मध्ये पडलं. चटईवरची माणसं आडवी झाली हसून. शारजाच्या साहेबांची मुलगी म्हणाली, "पपा, ही वॉज सो ऑफबीट." बुवा डोळे पुसत ओरडले, "तालात बोल, मेल्या, तालात!"

डक्टवाला हसला नाही. स्पीकरपाशी उकिडवा बसून माझ्याकडे बघत होता. मग मान खाली घालून त्याने आवाज वाढवला.

परतीच्या व्हॅनमध्ये तो माझ्या शेजारी बसला. मग मीच म्हणालो, "बसमध्ये ऐकलं तेव्हाच आवडलं होतं. पयल्याच वेळी."

"मग भाषण कशाला केलंस?"

"जळत होतो."

"अजून?"

"अजून."

"बरा," तो म्हणाला. यावेळी 'बरा' वेगळा होता. "आवाज परत घालू?"

"घाल."

दोन दिवसांत त्याने माझी ओळ घातलेला रिमिक्स पाठवला. कपडे धुवायच्या खोलीत न जाता मी तो खोलीतच, त्याच्या बंकवर बसून ऐकला. तिसरं मिनिट आलं, टाळ्या आल्या, मी आलो. पाणी प्या, सावली धरा. आवाज चांगला होता. ओळही चांगली होती. पण उम्म अल कुवैनच्या वाळूत ती जागा उघडी होती तेव्हा चाळीस माणसं श्वास धरून होती, पुढे कोण काय बोलतो याची वाट बघत. आता तिथे मी उभा होतो, सूचना देत. जागा भरली होती. लोक पुन्हा बुटाची लेस बांधायला मोकळे.

मी दुसऱ्यांदा ऐकला, खोटी आशा ठेवून. मग हेडफोन काढला.

"काढ तो," मी म्हणालो.

"काय?"

"माझा आवाज. काढ. मोकळीच जागा बरी होती."

"परत भाषण देणार काय?"

"नाही. यावेळी गाण्यासाठी सांगतोय."

त्याने स्वतःचा फोन उघडला. फाइल काढायला त्याला काही करावं लागलं नाही. मोकळ्या जागेची त्याने वेगळी ठेवलेलीच होती, वर तारा लावून. मी तो तारा बघितला.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"होता."

"मग घातला कशाला?"

"तू हो म्हणालास म्हणून घातला. आणि नाय कधी म्हणतोस ता बघत होतो."

माझी सगळ्यात मोठी कबुली, आणि हा माझ्या दोन दिवस आधी तिथे जाऊन बसलेला. मला त्याचा असा राग आला की मी वरच्या बंकवर चढलो आणि भिंतीकडे तोंड केलं. खालून त्याने हेडफोनची वायर वर सरकवली. मी ती घेतली.